लॅबसाठी एफपीजीए बोर्ड कोणता घ्यावा? बोर्ड परवडतो हो, टूलचं काय?

मिरजेचा मास्तर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज अडलोय म्हणून पहिला धागा काढतोय. मी एका डिप्लोमा कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. आमच्या डिजिटल लॅबमध्ये एफपीजीएचे, म्हणजे आतलं सर्किट कोड लिहून हवं तसं घडवता येतं त्या चिपचे, स्पार्टन-३ वाले जुने ट्रेनर किट आहेत, पॅरलल पोर्टच्या केबलवाले, आणि ते चालवायला दोन जुने पीसी जपून ठेवलेत कारण नव्या मशीनला पॅरलल पोर्टच नसतो. आठ किटांपैकी तीन चालू. बॅच वीस पोरांची, म्हणजे एका किटभोवती सहा-सात जण, एक टाइप करणार आणि बाकीचे मागून माना उंच करून बघणार. काउंटर आणि मल्टिप्लेक्सर वहीत काढून पोरं पास होतात, आणि मला ते बघवत नाही.

यंदा तीस हजार मंजूर झालेत. दहा बोर्ड तरी आले पाहिजेत म्हणजे दोघांत एक होईल. पण माझी खरी अट बोर्डाची नाहीये. पोराला तेच सॉफ्टवेअर स्वतःच्या लॅपटॉपवर टाकता आलं पाहिजे, रात्री रूमवर बसून चुका करता आल्या पाहिजेत. लॅपटॉप म्हणजे चार नाहीतर आठ जीबी रॅम, डिस्क आधीच भरलेली, आणि नेट म्हणजे मोबाइलचा रोजचा दीड जीबी. मी घरी विवाडो, म्हणजे झायलिंक्स कंपनीच्या चिपांचं सॉफ्टवेअर, उतरवायला घेतलं, मोफतवाली स्टँडर्ड आवृत्ती, लायसन्सचे पैसे शून्य, पण डाउनलोडच कित्येक जीबी आणि टाकल्यावर डिस्कवर पसरतं ते वेगळंच. मोफत आहे पण माझ्या पोरांना परवडत नाही.

शिवाय खरेदी कॉलेजची, तीन कोटेशनं लागतात, जीएसटीचं पक्कं बिल लागतं. कुणी असं सगळं जमवलंय का?

तपकीरगल्ली

मास्तर, तुम्ही प्रश्न अगदी बरोबर टोकाकडून धरलाय, बरेच जण आधी बोर्ड घेतात आणि मग टूल शोधत बसतात.

माझं मत सरळ टॅंग नॅनो ९के. सायपीड कंपनीचा बोर्ड, वर गोविनची जीडब्ल्यू१एनआर-९ चिप, ८६४० लट (लुकअप टेबल, लॉजिकचे छोटे ठोकळे), सोबत ६४ मेगाबिट पीएसरॅम त्याच पॅकेजात, बोर्डावर एचडीएमआयचा सॉकेट, सहा एलईडी, दोन बटणं. मुख्य म्हणजे प्रोग्रामर बोर्डावरच आहे, टाइप-सी केबल लावली की जेटॅग (चिपमध्ये प्रोग्राम टाकायची वाट) पण तीच आणि सीरियल पोर्ट पण तीच. हे महत्त्वाचं अशासाठी की बाजारात अल्टेराच्या सायक्लोन चिपांचे स्वस्त बोर्ड दिसतात पण त्यांना यूएसबी ब्लास्टर नावाचा वेगळा प्रोग्रामर लागतो, दहा बोर्डांना दहा ब्लास्टर धरा आणि मग हिशोब करा.

गोविनच्या सॉफ्टवेअरची एज्युकेशन आवृत्ती आहे, तिला लायसन्स फाइलच लागत नाही, साइटवर नाव नोंदवून उतरवायची. टॅंग नॅनोच्या ९के आणि २०के या दोन्ही बोर्डांवरच्या चिपा तिच्यात आहेत. आकाराने विवाडोच्या तुलनेत एवढीशी. मी स्वतः आठ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर वापरतो, छोटं डिझाइन मिनिटभरात होतं.

अलीएक्सप्रेस आपल्याकडे नोव्हेंबर २०२० पासून बंद आहे त्यामुळे थेट मागवायचा विचार सोडा, पण इथले ऑनलाइन कंपोनंटवाले हे बोर्ड ठेवतात आणि जीएसटी बिल देतात. मला एक नग दोन हजारांच्या आसपास पडला होता, दहा घेतले तर भाव सोडतील, विचारून बघा.

सिलिकॉनकाका

तपकीरगल्लीशी बराचसा सहमत, पण एक बाजू मांडतो.

मी या धंद्यात बरीच वर्षं काढली. पहिली एफपीजीए झायलिंक्सने १९८५ मध्ये आणली, एक्ससी२०६४, आत फक्त ६४ लॉजिक ब्लॉक. तेव्हापासून एक गोष्ट बदललेली नाही ती म्हणजे चिप तुमची असते पण तिची चावी कंपनीच्या टूलमध्ये असते. कंपनीने टूल थांबवलं की चांगली चालती चिप अडकते. मास्तर तुमचे स्पार्टन-३ किट हेच उदाहरण आहे. ते आयएसई या झायलिंक्सच्या जुन्या टूलवर चालतात, आयएसईची शेवटची आवृत्ती १४.७, ती २०१३ ची, आणि विवाडो ७ सिरीजच्या मागचं काहीच ओळखत नाही. अल्टेराकडेही तेच, सायक्लोन २ पाहिजे असेल तर त्यांच्या क्वार्टस टूलच्या १३.० एसपी१ आवृत्तीवरच थांबावं लागतं. त्यामुळे ऑनलाइन कुणी ‘सायक्लोन २ बोर्ड, एकदम स्वस्त’ म्हणून दाखवला तर लॅबसाठी घेऊ नका.

आता दुसरी बाजू. पोरं उद्या पुण्यात, बंगळुरात कामाला जाणार तिथे विवाडो आणि क्वार्टसच असतंय. झायलिंक्स २०२२ पासून एएमडीकडे आहे, अल्टेरा २०१५ ला इंटेलकडे गेली आणि आता परत अल्टेरा याच नावाने वेगळी उभी आहे, मालक बदलले तरी टूल तीच. तेव्हा लॅबमध्ये एक तरी आर्टी ए७ किंवा तसला आर्टिक्स-७ चा बोर्ड असावा, आणि लॅबमधल्या एका बऱ्या पीसीवर विवाडो टाकून ठेवा. आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसर त्या आर्टीवर चालवून बघता येतो, भारतात डिझाइन झालेला प्रोसेसर आपल्या हातातल्या बोर्डावर बूट होताना बघणं ही पोरांसाठी मोठी गोष्ट असते, मी ते चेहरे बघितलेत.

अवांतर: २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली असते, पोरांना घेऊन जा. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश तर बघालच, पण तिथल्या सुधारित यंत्रणेत झायलिंक्सच्या व्हर्टेक्स-५ एफपीजीए असलेले रोच बोर्ड आहेत, अँटेनाकडून आलेला सिग्नल डिजिटल करून त्याची पॅकेटं बनवतात आणि पुढचं जड गणित जीपीयूचे सर्व्हर करतात. एफपीजीए कशासाठी असते हे पुस्तकातल्या दहा पानांपेक्षा तिथे जास्त कळेल.

लॉजिकवाली

मी व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे चिपचं डिझाइन बरोबर चालतं का ते तपासायच्या कामात आहे, त्यामुळे माझा आग्रह वेगळा आहे. सर, बोर्ड यायच्या आधी पोरांना सिम्युलेशनला बसवा. आयकॅरस व्हेरिलॉग हा सिम्युलेटर आणि वेव्हफॉर्म बघायला जीटीकेवेव्ह, दोन्ही मोफत, दोन्ही कुठल्याही फडतूस लॅपटॉपवर चालतात. व्हीएचडीएल शिकवत असाल तर जीएचडीएल. आणि ज्याच्याकडे लॅपटॉपच नाही त्याला ईडीए प्लेग्राउंड मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडता येतं, टाइप करायला त्रास होतो पण वेव्हफॉर्म दिसतो.

बोर्डावर एलईडी लागला नाही तर का लागला नाही हे बोर्ड सांगत नाही. सिम्युलेशनमध्ये प्रत्येक तार दिसते. वीस पोरांना दहा बोर्ड हवेत असं वाटतं कारण सगळे बोर्डावरच डिबग करणार असं आपण गृहीत धरतो. टेस्टबेंच (डिझाइनला इनपुट देऊन तपासणारा कोड) पास झाल्याशिवाय बोर्ड हातात द्यायचा नाही असा नियम केलात तर पाच बोर्डही पुरतील, खरंच.

आणि टूलच्या बाबतीत ओपन सोर्स रस्ता विसरू नका. २०१५ मध्ये प्रोजेक्ट आइसस्टॉर्मने लॅटिसच्या आइस४० चिपांचा बिटस्ट्रीम (चिपमध्ये भरायची फाइल) उलगडला, तोपर्यंत कुठल्याही एफपीजीएसाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण खुली साखळी नव्हती. आता योसिस सिंथेसिस करतं म्हणजे कोडचं लॉजिक बनवतं, नेक्स्टपीएनआर प्लेस-राउट करतं म्हणजे ते चिपवर बसवून जोडतं, आइस४० ला आइसस्टॉर्म, लॅटिसच्याच ईसीपी५ ला ट्रेलिस, गोविनला अ‍ॅपिक्युला. हे सगळं ओएसएस कॅड सूट नावाच्या एकाच गठ्ठ्यात मिळतं, साधारण अर्धा जीबी, विंडोज लिनक्स मॅक तिन्हीवर, लायसन्स नाही लॉगिन नाही. एकदा उतरवा आणि पेनड्राइव्हवरून अख्ख्या वर्गाला वाटा, कुणाची परवानगी लागत नाही. काकांनी चावी कंपनीकडे असते म्हटलं, इथे चावी आपल्याकडे येते, म्हणून मला हे एवढं जवळचं वाटतं.

टॅंग नॅनो ९के दोन्हीकडे चालतो, गोविनच्या टूलवर आणि या खुल्या साखळीवर, म्हणून माझंही मत त्यालाच. खुल्या साखळीत सगळ्यात मुरलेली चिप आजही आइस४० च आहे, पण तिचे बोर्ड आपल्याकडे महाग पडतात.

हॉस्टेल रूम १४

सर मी फायनल इयरला आहे, पोरांच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे क्वार्टस लाइट आहे लॅबला, ते चांगलं चालतं पण सिम्युलेटर क्वेस्टा आहे त्याला मोफत असली तरी लायसन्स फाइल लागते, ती मशीनच्या नेटवर्क कार्डला बांधलेली, वर्षाने संपते. ऐन प्रॅक्टिकलच्या आठवड्यात लॅबच्या अर्ध्या मशीनवर संपली आणि दोन दिवस गेले. त्यामुळे लॉजिकवाली ताई म्हणतात ते आयकॅरसचं मला पटलं.

पण एक शंका आहे. कंपनीत गोविन कोण विचारतं? रेझ्युमेवर विवाडो नसेल तर बोलावतील का?

लॉजिकवाली

मी इंटरव्ह्यू घेते त्यामुळे सांगू शकते. मी विचारते की सेटअप आणि होल्ड म्हणजे काय, बटणाचा सिग्नल थेट स्टेट मशीनला का देत नाहीत, दोन फ्लिपफ्लॉप लावून का घेतात, दोन वेगवेगळ्या क्लॉकमध्ये डेटा न्यायचा तर फिफोचे पॉइंटर ग्रे कोडमध्ये का ठेवतात. हे ज्याला स्वतः ठेच लागून कळलंय तो विवाडो दोन आठवड्यांत शिकतो. कुठला मेनू कुठे आहे हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. रेझ्युमेवर टूलचं नाव हवं असेल तर लॅबच्या एका पीसीवर विवाडोत एक प्रोजेक्ट करून ठेव, बास.

भोसरीचा वर्कशॉप

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझा प्रश्न लॅबचा नाही, विकायच्या मालाचा आहे. आम्ही जुन्या मशीनींना रेट्रोफिट करतो. लिनियर स्केल आणि रोटरी एन्कोडर (हालचाल मोजणारे सेन्सर) मिळून आठ चॅनल एकदम मोजायचेत, सगळे ५ व्होल्टचे. तीन चॅनलपर्यंत एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरच्या टायमरवर काम भागलं, त्यांच्यात एन्कोडर मोड असतो, पण आठ म्हटल्यावर पल्स सुटायला लागले. टॅंगच कार्डात बसवून विकावा का, की स्वतःचा पीसीबी करावा? सोल्डरिंग आमच्याकडे हातानेच होतं.

तपकीरगल्ली

दादा, आठ चॅनल क्वाड्रेचर (एन्कोडरच्या दोन-दोन पल्सची मोजणी) म्हणजे एफपीजीएसाठी किरकोळ काम. प्रत्येक चॅनलला एक ३२ बिटांचा काउंटर आणि थोडं डिकोडिंग, सगळं मिळून हजाराच्या आत-बाहेर लट जातील. तुम्हाला मोठी चिप नकोय, हाताने लागणारी चिप हवीये. आर्टिक्स-७, स्पार्टन-७ फक्त बीजीएमध्ये (पाय नाहीत, पोटाखाली गोळ्या) येतात, ते सोडा. आइस४० अल्ट्राप्लस म्हणजे यूपी५के, ५२८० लट, ४८ पायांच्या क्यूएफएनमध्ये मिळते, हॉट एअर गन असेल तर लागते. पाय बाहेर दिसायलाच हवे असतील तर अल्टेराच्या मॅक्स १० ची १४४ पायांची चिप बघा, फ्लॅश आतच आहे, क्वार्टस लाइट मोफत चालतं, फक्त पोटाखाली ग्राउंडचा पॅड आहे तो सोल्डर करायला विसरू नका.

आणि ५ व्होल्ट यातल्या कुणालाच थेट देऊ नका, या सगळ्या ३.३ व्होल्टच्या आहेत. मध्ये ७४एलव्हीसी२४५ हा बफर लावा, ३.३ वर चालवला तरी त्याचे इनपुट ५ व्होल्ट झेलतात. कारखान्यात लांब केबल असणार, तर डिफरन्शियल आउटपुटचे एन्कोडर घेऊन लाइन रिसीव्हर लावलात तर अजून बरं, पल्स सुटण्यामागे निम्म्या वेळा नॉइजच असतो. पहिले पाच-दहा नग टॅंगवर करून गिऱ्हाईकाकडे चालवून बघा, मग पीसीबी.

अवांतर: एलईडी हॉर्डिंगच्या कंट्रोलरमध्ये कलरलाइटचं ५ए-७५बी नावाचं रिसीव्हर कार्ड असतं, त्याच्यावर ईसीपी५ ची २५के चिप आणि दोन गिगाबिट इथरनेट असतात. लोकांनी त्याच्या सगळ्या पिना शोधून काढल्यात आणि खुल्या साखळीवर ते झकास चालतं. आउटपुटचे बफर ५ व्होल्टचे आहेत, इनपुट हवं तर ते उलटवावे लागतात. लॅबसाठी नाही, पण ज्याला खाज आहे त्याच्यासाठी एवढ्या पैशात एवढी चिप दुसरीकडे नाही.

मिरजेचा मास्तर

धागा वर काढतोय, अडीच महिने झाले. तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात तर पुढे काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

दहा टॅंग नॅनो ९के घेतले, तीन कोटेशनांत बसले, केबलांसकट वीस हजारांच्या थोडं आत. आर्टी यंदा बजेटात आला नाही, पुढच्या वर्षीच्या मागणीत घातलाय. लॅबच्या एका मशीनवर विवाडो टाकलं, रात्रभर डाउनलोड लावून.

ताईंचा नियम जसाच्या तसा लावला, टेस्टबेंच पास झाल्याशिवाय बोर्ड नाही. पहिले तीन आठवडे पोरं कुरकुरली. पेनड्राइव्हवरून ओएसएस कॅड सूट वाटला, वीसपैकी सतरा जणांच्या लॅपटॉपवर पहिल्याच दिवशी चालू झाला, बाकी तिघांची डिस्क रिकामी करण्यात एक दुपार गेली. बोर्ड मात्र गोविनच्या टूलवरूनच सुरू केला कारण पिना नेमायची खिडकी पोरांना डोळ्यांनी दिसते.

अडचणी आल्या त्या लिहून ठेवतो, पुढच्याला उपयोगी पडतील. पहिल्या दिवशी चार बोर्ड दिसेचनात, कारण पोरांनी स्वतःच्या चार्जरच्या केबला लावल्या होत्या, नुसत्या चार्जिंगच्या, डेटाच्या तारा नसलेल्या. मग एलईडी उलटे, म्हणजे शून्य दिलं की लागतो, त्यामुळे काउंटर उलटा मोजतोय असं वाटून दोन पोरांनी बरोबर असलेला कोड तीनदा बदलला. नंतर बँकेच्या, म्हणजे पिनांच्या गटाच्या, व्होल्टेजची भानगड, एलईडी आणि बटणं ज्या बँकेत आहेत ती १.८ व्होल्टची आहे, तिथे ३.३ नेमलं की टूल अडतं. काही पिना ड्युअल पर्पज असतात, त्या साध्या आयओ म्हणून वापरायच्या तर प्लेस-राउटच्या सेटिंगमध्ये तशी खूण करावी लागते. आणि शेवटचं, एसरॅममध्ये टाकलेला प्रोग्राम केबल काढली की जातो, एका मुलीने घरी आईला दाखवायला बोर्ड नेला आणि तिथे लावल्यावर काहीच लागेना, दुसऱ्या दिवशी रडवेली होऊन आली. तिला एम्बेडेड फ्लॅशमध्ये टाकायला दाखवलं, परत बोर्ड घरी दिला.

पहिला प्रयोग एलईडी लुकलुकवायचा. क्लॉक २७ मेगाहर्ट्झ, अर्ध्या सेकंदाला १,३५,००,००० मोजायचे, मग काउंटर किती बिटांचा? फळ्यावर लिहून गप्प बसलो. दरवर्षी हे गणित मीच सोडवून द्यायचो. यंदा मागच्या बाकावरून आवाज आला की चोवीस, कारण २४ बिटांत १,६७,७७,२१६ मावतात. तो पोरगा वर्षभर वर्गात बोललेला मी ऐकला नव्हता.

आता दोघा जणांनी आमच्या चौकातल्या सिग्नलच्या वेळा स्टॉपवॉच घेऊन मोजल्यात आणि तशी स्टेट मशीन चालू आहे, पायी जाणाऱ्यांच्या बटणासकट. बटणाला दोन फ्लिपफ्लॉप त्यांनी आपणहून लावले. एक जोडी एचडीएमआयच्या मागे लागलीये, ७२०पी ला ७४.२५ मेगाहर्ट्झ पिक्सेल क्लॉक लागतो, त्याच्या पाचपट ३७१.२५ पीएलएलमधून काढायचा, सत्तावीसला ५५ ने गुणून ४ ने भागलं की येतो हे त्यांनीच शोधलं, पडद्यावर अजून चित्र नाही पण मॉनिटर सिग्नल ओळखायला लागलाय. संध्याकाळी सहाला लॅब बंद करताना आता पोरांना उठवावं लागतं.

काका, २८ फेब्रुवारीची खोडदची एसटी बुक करायचा अर्ज दिलाय.

सिलिकॉनकाका

मास्तर, वाचून फार बरं वाटलं. खोडदला येणार असाल तर कळवा, मी नारायणगावला येऊन भेटतो, पोरांशी बोलायला आवडेल.

हॉस्टेल रूम १४

वाचनखूण साठवली. सर पिनांचे नंबर इथेच टाकाल का, मी पण ९के मागवलाय, शनिवारी येतोय.

मिरजेचा मास्तर

घे. क्लॉक ५२. एलईडी १०, ११, १३, १४, १५, १६, मधला १२ नाहीये तो चुकून टाकू नकोस. बटणं ३ आणि ४, दाबलं की शून्य. एलईडी आणि बटणांना १.८ व्होल्टचं एलव्हीसीमॉस, क्लॉकला ३.३. सीरियलचा टीएक्स १७, आरएक्स १८. आणि केबल डेटाची आहे का ते आधी मोबाइलवरून फोटो कॉपी करून बघ.